टेकडीवरचे बेसचे घर: हार्डविक हॉल

बुधवार

इंग्लंडमधील जुनी दगडी घरे पाहायला निघालेला प्रवासी बहुधा चार दिवसांत सात-आठ वास्तू उरकतो. मी मात्र या वेळी एकाच घरासाठी निघालो होतो. डर्बीशायर परगण्याच्या पूर्व भागातील एका लांबट टेकडीवर उभा असलेला हार्डविक हॉल १५९० ते १५९७ या काळात बांधला गेला. त्यानंतरच्या चारशे वर्षांत मालक बदलले, राजघराणी बदलली, खिडक्यांवर कर बसला आणि उठला, पायथ्याशी महामार्ग आला. परंतु घराची मूळ रचना जवळपास जशीच्या तशी राहिली. एवढ्या श्रीमंत घराण्याच्या हाती असूनही ते बदलले कसे नाही, हे समजून घेण्याची मला उत्सुकता होती.

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून सुटणारी गाडी सुमारे दोन तासांत चेस्टरफील्डला पोहोचते. गाडी शहरात शिरते तेव्हाच सेंट मेरी चर्चचे पिळवटलेले, एका बाजूला झुकलेले शिखर दिसू लागते. शिखराचा सांगाडा लाकडाचा आहे आणि त्यावर शिशाचे जड पत्रे मढवलेले आहेत. लाकूड पुरते वाळलेले नसताना वापरले गेले आणि शिशाच्या भाराखाली ते वळत गेले, असे त्याचे कारण सांगितले जाते. शिसे हे या परगण्याचे जुने धन आहे. हार्डविकच्या छपरावर शिसे आहे आणि खिडक्यांच्या काचाही शिशाच्याच पट्ट्यांत बसवलेल्या आहेत.

संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर घर बांधणाऱ्या बाईचा इतिहास पुन्हा एकदा नीट वाचून काढला, कारण तिच्या आयुष्याशिवाय या घराचा नकाशा उलगडत नाही. एलिझाबेथ हार्डविक, म्हणजे इतिहासात बेस ऑफ हार्डविक या नावाने ओळखली जाणारी स्त्री, १५२० च्या दशकात याच टेकडीवरच्या एका बेताच्या जमीनदार घरात जन्मली. तिचे चार विवाह झाले आणि चारही पतींच्या पश्चात ती मागे राहिली. दुसरे पती सर विल्यम कॅव्हेंडिश यांच्याबरोबर तिने १५४९ मध्ये डर्बीशायरमधीलच चॅट्सवर्थची जमीन घेतली आणि तेथे घर बांधायला घेतले. चौथे पती जॉर्ज टॅलबट हे श्रूजबरीचे सहावे अर्ल, म्हणजे वरच्या दर्जाचे उमराव. पदच्युत झालेली स्कॉटलंडची राणी मेरी १५६९ पासून पंधरा वर्षे याच अर्लच्या पहाऱ्यात होती, आणि त्या पहाऱ्याचा खर्च, त्यातला संशय व ताण यांनी अर्ल आणि बेस यांचा संसार पोखरून टाकला. १५८४ मध्ये बेस चॅट्सवर्थ सोडून हार्डविकला, आदल्याच वर्षी विकत घेतलेल्या आपल्या माहेरच्या घरी परतली आणि काही वर्षांतच ते घर वाढवू लागली. नोव्हेंबर १५९० मध्ये अर्ल वारले, विधवा म्हणून तिच्या वाट्याला मोठे उत्पन्न आले, आणि राणी एलिझाबेथखालोखाल इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाऊ लागले. जुन्या घराचे काम पुरे झालेले नसतानाच तिने त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरे, सर्वस्वी नवे घर उभारायला घेतले. त्या वेळी तिने साठी ओलांडलेली होती.

गुरुवार

एम-वन महामार्गाच्या पूर्वेला रस्ता टेकडी चढू लागतो आणि झाडांच्या वर सहा मनोरे दिसतात. महामार्गावरूनही घर दिसते, आणि ते दुरून दिसावे हाच त्याच्या बांधणीचा एक हेतू होता. प्रत्येक मनोऱ्याच्या माथ्यावरील दगडी नक्षीत ई आणि एस ही दोन रोमन अक्षरे कोरलेली आहेत, म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरी, आणि त्यांच्यावर उमरावपदाचा मुकुट आहे. ही अक्षरे मजकुराच्या मापाची नाहीत, ती आभाळाच्या पार्श्वभूमीवर वाचता यावीत अशी माणसाहून मोठी आहेत. आपल्या नावाची आद्याक्षरे छपराच्या रेषेत उभी करणारी बाई किती निश्चयाची असेल, याचा अंदाज अंगणात पाऊल ठेवण्याआधीच येतो.

आज मी आत गेलोच नाही. दिवसभर घर बाहेरूनच पाहिले. मूळ आकार साधा आहे: एक लांबट आयत, त्याच्या लांब बाजूंना दोन-दोन आणि आखूड बाजूंना एक-एक असे पुढे आलेले मनोरे. समोरची बाजू आणि मागची बाजू जवळपास सारखीच आहे. तीन मजल्यांच्या या आयतावर मनोरे आणखी एक मजला वर जातात, आणि आपण घराभोवती फिरू लागलो की ते कधी एकमेकांमागे लपतात, तर कधी सुटे होतात. कागदावर काटेकोर दिसणारा नकाशा प्रत्यक्षात असा सतत हलता वाटतो, हे मला या वास्तूचे सर्वांत मोठे कौशल्य वाटते. रचनेचे श्रेय रॉबर्ट स्मिथसन यांना दिले जाते. ते मूळचे दगडकामातले. लाँगलीट या मोठ्या घराच्या बांधकामावर त्यांनी काम केले होते आणि नॉटिंगहॅमजवळचा वॉलॅटन हॉल त्यांनी १५८० च्या दशकात पूर्ण केला होता.

हार्डविकविषयी इंग्रजीत एक जुनी यमकबद्ध म्हण आहे, तिचा आशय असा की तेथे भिंतीपेक्षा काचच अधिक. पश्चिमेच्या दर्शनी बाजूसमोर उभे राहिल्यावर ती अतिशयोक्ती वाटत नाही. त्या काळी काच महाग होती आणि मोठ्या पत्र्यात मिळत नसे; लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत गुंफून तावदान तयार करावे लागे. अशा काळात बेसने संपूर्ण दर्शनी भिंत काचेची केली. त्यातही एक क्रम आहे. तळमजल्याच्या खिडक्या बेताच्या, पहिल्या मजल्याच्या त्याहून उंच आणि दुसऱ्या मजल्याच्या सर्वांत उंच आहेत. सामान्यतः इमारत वर जाताना हलकी आणि बुटकी होत जाते. येथे उलट आहे, कारण तळमजला नोकरचाकरांचा व कामकाजाचा, पहिला मजला बेसच्या आणि कुटुंबाच्या राहण्याचा, आणि सर्वांत वरचा मजला राजदरबाराच्या तोडीच्या समारंभांचा. मानमरातबाची ही उतरंड घराबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही खिडक्यांच्या मापांवरून वाचता येते.

एवढ्या खिडक्या असूनही भिंत उभी राहते कशी, हा प्रश्न मला बराच वेळ छळत होता. उत्तर घराच्या पोटात आहे. घराच्या मध्यातून लांबीच्या दिशेने एक जाड भिंत जाते, आणि शेकोट्यांची धुराडी बाहेरच्या भिंतींऐवजी आतल्या भिंतींत घेतलेली असल्याने बाहेरची बाजू काचेसाठी मोकळी राहते. तरीही सगळे सरळ जुळले नाही. काही खिडक्यांच्या काचेमागे खोली नसून भिंत किंवा धुराडे आहे, तर काही ठिकाणी बाहेरून एक दिसणाऱ्या खिडकीमागे दोन मजले आहेत. बाहेरची समतोल मांडणी बिघडू नये म्हणून केलेली ही तडजोड आहे. काही अभ्यासक तिला फसवणूक म्हणतात. मला ती या घरातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटली, कारण घडवणाऱ्याला दोन्ही बाजू सांभाळताना किती ओढाताण झाली ते तेथे उघडे दिसते.

दुपारी दक्षिणेकडच्या भिंतीजवळ उभा राहून दगड जवळून पाहिला. हा वालुकाश्म टेकडीच्या उतारावरच्याच खाणीतून काढलेला आहे. चिरे इतके नीट घडवलेले आहेत की सांध्यात नख शिरणे कठीण, मात्र हात फिरवला की बारीक वाळूचा खरखरीतपणा जाणवतो. ऊनपावसाने झिजलेल्या भागात दगडाचे थर पापुद्र्यांसारखे सुटू लागलेले दिसतात, आणि आडोशाच्या जागी जुन्या कोळशाच्या धुराचा काळा थर अजून आहे. हा सगळा प्रदेश कोळशाच्या खाणींचा होता. दगड, लाकूड, शिसे, काच यांपैकी बरेचसे बेसच्या स्वतःच्या जमिनींतून आणि कारखान्यांतून आले. बांधकामाच्या हिशेबवह्या टिकून राहिल्यामुळे भिंती रचणारे जॉन आणि क्रिस्टफर रोड्स, संगमरवराचे काम करणारे टॉमस अॅकर्स, गिलाव्यात मूर्ती घडवणारे एब्रहम स्मिथ या कारागिरांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत. त्या शतकातील बांधकामांत असे भाग्य कारागिरांच्या वाट्याला फार क्वचित आले.

संध्याकाळी शेजारच्या जुन्या हॉलच्या अवशेषांत गेलो. नवा हॉल बांधून झाल्यावरही तो वापरात होता, पाहुणे व नोकर तेथे राहत. पुढे अठराव्या शतकात त्याची मोडतोड झाली आणि आज फक्त छपराविना भिंती उभ्या आहेत. वरच्या मजल्यावर, जेथे एके काळी शेकोटी असलेले मोठे दालन होते तेथे, गिलाव्यात घडवलेल्या दोन राक्षसांच्या आकृती अजून तग धरून आहेत. उघड्या आभाळाखाली चुन्याचा गिलावा इतकी वर्षे टिकला, हे एब्रहम स्मिथच्या पिढीच्या हातांचे मोठेपण.

शुक्रवार

आज दार उघडताच आत गेलो आणि बंद होईपर्यंत आतच होतो. प्रवेश थेट मोठ्या दिवाणखान्यात होतो. त्या काळापर्यंतच्या इंग्रजी घरांत हे दालन दर्शनी बाजूला समांतर, आडवे असे आणि त्यात एका टोकाने शिरावे लागे. स्मिथसन यांनी ते नव्वद अंशांत फिरवून घराच्या मध्यातून आरपार नेले, म्हणून दारातून आत आलेला माणूस त्याच्या बरोबर मध्यरेषेवर येतो. बाहेरची समतोल मांडणी घराच्या पोटातही उतरली ती या एका निर्णयामुळे. इंग्लंडमधील घरांच्या इतिहासात हे वळण फार महत्त्वाचे मानले जाते. शेकोटीच्या वर दोन सांबरांनी धरलेली हार्डविक घराण्याची ढाल गिलाव्यात घडवलेली आहे. चार पतींची चार आडनावे घेतलेल्या बाईने दारातच माहेरची खूण लावली, याकडे माझे लक्ष वारंवार जात राहिले.

या घरातले मला सर्वांत आवडलेले ठिकाण कोणते असे विचारले, तर मी कोणत्याही दालनाचे नाव घेणार नाही. मी जिन्याचे नाव घेईन. तो दगडी आहे, कठड्याच्या सजावटीशिवाय आहे आणि एका जागी उभा वर न जाता संपूर्ण घराच्या लांबीतून रेंगाळत वर चढतो. कधी रुंद, कधी अरुंद, कधी अंधारात, कधी अचानक एखाद्या उंच खिडकीसमोर तो आणून सोडतो. पायऱ्यांच्या मधला भाग पावलांनी खोलगट झाला आहे आणि दगडाचा तेवढाच पट्टा फिकट दिसतो. मानाच्या पाहुण्याला वरच्या मजल्यावर नेताना त्याची उत्कंठा वाढत जावी असाच हा मार्ग आखलेला असावा.

जिना संपतो तेथे वरचे भव्य दालन उघडते. खिडक्यांतून येणारा प्रकाश आता पडद्यांनी अडवलेला असतो, कारण जुन्या कापडाला तो सोसत नाही. डोळे सरावायला थोडा वेळ लागतो आणि तेवढा वेळ द्यायलाच हवा. भिंतींच्या खालच्या भागात ब्रसेल्सला विणलेले, ग्रीक वीर युलिसिसच्या कथेचे भित्तिपट आहेत. बेसने ते १५८७ मध्ये, म्हणजे या घराचा पाया घालण्यापूर्वीच घेतले होते आणि दालनाची उंची त्यांच्या मापाने ठरवली. त्यांच्या वर छतापर्यंत, चारही बाजूंनी, रंगवलेल्या गिलाव्याचा रुंद पट्टा आहे. त्यात एक संपूर्ण अरण्य आहे: झाडे, हरणे, रानडुकरे, शिकारी आणि मध्यभागी आपल्या सख्यांसह बसलेली, शिकारीची कुमारी देवी डायना. जवळ जाऊन मान वर करून पाहिले, तर काही झाडांचे बुंधे गिलाव्याचे नसून खऱ्या कोवळ्या झाडांचे आहेत, भिंतीला बसवून त्यांवर चुना चढवलेला आहे. अविवाहित राणी एलिझाबेथला त्या काळचे कवी आणि दरबारी डायनाच म्हणत असत, आणि शेकोटीच्या वर तिचीच राजचिन्हे आहेत. हे सगळे राणीच्या स्वागतासाठी होते. ती हार्डविकला कधीच आली नाही.

शेजारून लांब दालनात जाता येते. घराची संपूर्ण पूर्व बाजू व्यापणारे हे दालन सुमारे पन्नास मीटर लांब आहे. पावसापाण्याच्या दिवसांत फिरण्यासाठी आणि तसबिरी मांडण्यासाठी अशी दालने असत. दोन शेकोट्यांच्या वर अलाबास्टर या मऊ, फिकट दगडात न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. लांब भिंतीवर बायबलमधील गिडियनच्या कथेचे तेरा भित्तिपट आहेत. फ्लँडर्समध्ये १५७८ मध्ये विणलेला हा संच राणीचे मंत्री सर क्रिस्टफर हॅटन यांच्यासाठी होता. ते कर्जात बुडून वारले, आणि १५९२ मध्ये बेसने तो त्यांच्या वारसाकडून घेतला. त्यात हॅटन यांची चिन्हे विणलेली होती. ती झाकून आपली चिन्हे लावण्याच्या खर्चापोटी तिने किमतीत पाच पौंड कमी करून घेतले. तिच्या हिशेबी स्वभावाचा यापेक्षा चांगला दाखला मला घरात दुसरा सापडला नाही.

या भित्तिपटांच्या दुरुस्तीचे काम २०२३ मध्ये पुरे झाले. ते चोवीस वर्षे चालले होते. प्रत्येक पट उतरवायचा, चारशे वर्षांची काजळी काढून धुवायचा, मग आधाराच्या कापडावर ठेवून विरलेला धागा न् धागा सांभाळत शिवायचा आणि पुन्हा टांगायचा, असा तो क्रम होता. इतक्या धीराचे काम पाहिल्यावर पडदे ओढलेल्या त्या मंद उजेडाची तक्रार करावीशी वाटत नाही.

खालच्या दालनांतील पेनेलोपे, लुक्रिशिया, झेनोबिया, आर्टेमिसिया या शीलवान व पराक्रमी स्त्रियांचे मोठे पट बाजारातून घेतलेले नव्हते. ते बेसच्या देखरेखीखाली घरच्या माणसांनी तयार केले. त्यांचे मखमल आणि जरीचे कापड जुन्या धर्मगुरूंच्या झग्यांचे आहे. धर्मसुधारणेच्या काळात मठ-देवळांतून बाहेर पडलेले ते झगे कापून त्यांतून या स्त्रिया साकारल्या. कापडावरच्या एखाद्या चौकटीत अजून मूळ धार्मिक नक्षीचा तुकडा ओळखू येतो.

शनिवार

सकाळी पायी ऑल्ट हकनॉल या वस्तीतील छोट्या चर्चपर्यंत गेलो. तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज आयुष्यभर कॅव्हेंडिश घराण्याच्या पदरी होते. हार्डविकलाच ४ डिसेंबर १६७९ रोजी, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी त्यांचा अंत झाला आणि या चर्चमध्ये काळ्या दगडाच्या साध्या शिळेखाली ते आहेत.

परतून बागेच्या भिंतीलगत बसून मूळ प्रश्नाकडे वळलो: हे घर बदलले कसे नाही? बेस १६०८ मध्ये वारली तेव्हा हार्डविक तिच्या विल्यम या मुलाकडे गेले. तोच पुढे डेव्हनशायरचा पहिला अर्ल झाला आणि १६९४ मध्ये त्याच्या पणतवाला ड्यूक हे पद मिळाले. चॅट्सवर्थही याच घराण्याकडे होते, आणि घराण्याने राहण्यासाठी चॅट्सवर्थच पसंत केले. काळाच्या आवडीप्रमाणे तेथे सारे पाडून नवे बांधले गेले. १६८७ पासून तेथील बेसचे घर हळूहळू नाहीसे झाले. हार्डविक मात्र दुसऱ्या क्रमांकाचे, शिकारीला किंवा अधूनमधून मुक्कामाला यायचे घर राहिले. तेथे पैसा ओतावा असे कोणाला वाटले नाही, म्हणून तेथे काही मोडलेही गेले नाही. माझ्या मते हार्डविकला वाचवले ते या दुर्लक्षानेच. एकोणिसाव्या शतकात सहाव्या ड्यूकला त्याच्या जुनेपणाचे मोल कळले. त्याने ठिकठिकाणचे भित्तिपट आणि सामान येथे आणून ठेवले आणि १८५८ मध्ये याच घरात देह ठेवला.

तरी नुसत्या दुर्लक्षाने कापड टिकत नाही, आणि येथे बेसची दूरदृष्टी दिसते. १६०१ मध्ये तिने घरातील खोलीवार सामानाची यादी करवून घेतली आणि मृत्युपत्रात वारसांना बजावले की हे सामान ओल, कसर आणि इतर नासधूस यांपासून जपावे. ती यादी आज संशोधकांच्या हाती आहे, त्यामुळे कोणत्या खोलीत काय होते हे ताडून पाहता येते. विसाव्या शतकात नवव्या ड्यूकच्या विधवा पत्नी एव्हलिन या घरात शेवटपर्यंत राहणाऱ्या मालकीणबाई ठरल्या. त्या स्वतः भित्तिपटांची दुरुस्ती करत बसत. दहावे ड्यूक १९५० मध्ये वारल्यावर वारसा कर इतका मोठा आला की त्यापोटी १९५६ मध्ये घर सरकारकडे सोपवावे लागले, आणि १९५९ मध्ये ते वारसा वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आले.

आज हार्डविक हॉल इंग्लंडच्या वारसा वास्तूंच्या यादीत सर्वोच्च, म्हणजे ग्रेड वन श्रेणीत आहे. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांनंतर, १९४४ आणि १९४७ च्या नगरनियोजन कायद्यांमधून ही यादी आकाराला आली. सूचीतील लाखो नोंदींपैकी सुमारे अडीच टक्केच या वरच्या श्रेणीत आहेत. अशी नोंद केवळ दर्शनी भिंतीची नसते; आतले जिने, शेकोट्या, गिलावा, तावदाने हे सारे तिच्या कक्षेत येते. वास्तूच्या वैशिष्ट्याला धक्का लागेल असा कोणताही बदल लेखी मंजुरीशिवाय करता येत नाही, केल्यास तो फौजदारी गुन्हा ठरतो. दगड बदलायचा झाला तरी त्याच जातीचा, त्याच घडणीचा दगड आणि चुन्याचाच सांधा वापरावा असा आग्रह असतो, कारण सिमेंटचा घट्ट सांधा पाणी आत कोंडतो आणि मऊ वालुकाश्म आतून फुटतो. गुरुवारी पाहिलेल्या सुटत्या पापुद्र्यांचा अर्थ मला आज अधिक नीट लागला.

रविवार

परतीच्या वाटेवर डर्बीला उतरलो, कारण बेसची समाधी तेथील कॅथीड्रलमध्ये आहे. समाधीही तिने जिवंतपणीच बांधून घेतली होती, आणि तिचे रेखाटनही स्मिथसन यांचेच मानतात. तीवर रंगवलेल्या अलाबास्टरची बेसची मूर्ती मुकुट घालून, हात जोडून, उताणी पडलेली आहे. पायाशी हार्डविकचे सांबर आहे. तिच्या वरच्या कमानीत हार्डविकच्या दिवाणखान्यातल्या खांबांची घडण पुन्हा ओळखू येते, आणि त्या ओळखीसाठी तरी आधी घर पाहून मगच येथे यावे असे मी सुचवीन.

समाधीवरचा लॅटिन लेख तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी वंशजांनी बसवला. त्यात चारही पतींची नावे क्रमाने आहेत आणि ती चॅट्सवर्थ, हार्डविक व ओल्डकोट्स या तीन घरांची निर्माती असल्याचे नमूद केले आहे. ओल्डकोट्स तिने आपल्या विल्यमसाठी हार्डविकपासून जवळच बांधले होते. ते आज उभे नाही. चॅट्सवर्थ पुढच्या पिढ्यांनी नव्याने बांधले. लेखातील तीन नावांपैकी तिने बांधलेले असे एकच घर शिल्लक आहे, आणि ते तिने आपल्या माहेरच्या जमिनीवर, स्वतःसाठी बांधले होते.